संयमाच्या पोटी

एकचक्रा नगरीच्या वेशीबाहेर बकासुरासाठी गाडाभर अन्न जायचं, सोबत दोन रेडे आणि पाळी लागलेल्या घरातला एक माणूस. भीम तो गाडा घेऊन गेला आणि राक्षसाला हाका मारता मारता स्वतःच जेवायला बसला. बकासुर चवताळून आला, त्याने पाठीत दणादण गुद्दे घातले, तरी भीम मान वळवायला तयार नाही. सगळं अन्न संपवलं, हात-तोंड धुतलं आणि मग हा गडी लढायला उठला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आमची हसून मुरकुंडी वळायची. आता माझं लक्ष जातं ते त्या हात धुण्याकडे. अन्न तेच, गाडा तोच, खाणारे दोघेही अचाट. पण जेवण संपलं हे एकाला कळतं, दुसऱ्याला ते कधी कळत नसावं. गावाने त्याच्या पाळ्या ठरवून दिल्या. बाबा रे, तुला होतंय तरी काय, असं विचारायला कोणी गेलं नाही. राक्षसाला कोण विचारणार?

खाणाऱ्याचं आपल्याकडे कौतुक फार. माझे एक मामा जिलेबीच्या पैजा मारायचे. वाढपी परात घेऊन पुढ्यात उभा, आजूबाजूचे मोजतायत, मामी पलीकडच्या पंगतीतून डोळे वटारतायत, आणि मामा मठ्ठ्याचा घोट घेऊन पुन्हा सज्ज. पैज जिंकली की मांडवात तक्क्याला टेकून सुपारी कातरत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी ताक-भातावर राहायचे. मामांना खाण्याचा कुठलाही आजार नव्हता. (मधुमेह पुढे झाला, ती गोष्ट वेगळी.) दिवाळीतला फराळ, श्रावणातल्या पुरणपोळ्या, आमरसाच्या दिवसांतल्या दुपारच्या डुलक्या, हे सगळं जास्तीचं खाणं खरंच, पण ते चारचौघांत होतं, हसतखिदळत होतं आणि कोणीतरी आग्रहाने वाढलेलं असतं. मी ज्याच्याबद्दल लिहिते आहे तिथे वाढपी नसतो.

रात्री साडेअकराच्या सुमाराला आमचं घर निजलेलं असायचं. स्टीलच्या डब्याचं झाकण उघडताना टक् असा आवाज होतो. तो होऊ नये म्हणून झाकणावर तळहात पालथा दाबून धरायचा आणि अंगठ्याने कडेकडेने ते सोडवत आणायचं. हे कसब मला चांगलं साधलं होतं. आधी भडंग. आमच्या सांगलीकडे भडंगाचा डबा नसलेलं घर विरळा. एक मूठ, मग दुसरी, मग मूठ पुरत नाही म्हणून वाटी. तिखटावर गोड हवं म्हणून पोळी. तिला तूप-साखर लावून गुंडाळण्याइतकाही धीर नसतो, तुकडा मोडून थेट साखरेच्या डब्यात बुडवायचा. मग कुकरमधला गार भात, वर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल. सगळं उभ्याने, दिवा न लावता, फ्रीजच्या उघड्या दाराच्या उजेडात. चव लागते ती पहिल्या दोन-तीन घासांपर्यंत. पुढे जिभेचा संबंधच संपतो. हे कोणाला सांगून पटत नाही. जिभेचे चोचले म्हणतात लोक, पण जीभ केव्हाच बाजूला झालेली असते. हात चालू असतो, जबडा चालू असतो, आणि दिवसभर ऑफिसात इतरांच्या फायली निपटणारी, सगळ्यांच्या वेळा सांभाळणारी ती बाई तिथे नसते. ऐकून घेतलेली बोलणी, उद्याची काळजी, गुडघ्याचं दुखणं, सगळं तेवढ्यापुरतं बंद. खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या तासात बरं वाटायचं.

मग पोट दुखायला लागतं आणि बाई परत येते. आल्या आल्या तिला कामं असतात. भडंग हलवून डब्यातली पातळी सारखी करायची, म्हणजे खड्डा दिसत नाही. बिस्किटांचं रिकामं वेष्टण केराच्या बादलीत भाजीच्या देठांखाली, अगदी तळाला. चमचा धुऊन, पुसून जागेवर. दुसऱ्या दिवशी येताना तसाच बिस्किटांचा पुडा आणायचा, तोही नेहमीच्या दुकानातून नाही, कारण तो दुकानदार म्हणायचा, "वहिनी, कालच नेला की!" मला नातेवाईक बेशिस्त समजायचे. माझं हे नेटकं व्यवस्थापन कोणी पाहिलं असतं तर एखाद्या संस्थेच्या चिटणीसपदी बसवलं असतं.

या प्रकाराला वैद्यकात नाव आहे, बिंज ईटिंग डिसऑर्डर. ते माझ्या कानावर पडलं तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. नाव तसं वैद्यकालाही फार जुनं नाही. अल्बर्ट स्टुंकार्ड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 1959 मध्ये लिहून ठेवलं, की त्याच्या काही स्थूल रुग्णांना थोड्या वेळात प्रचंड खाण्याचे झटके येतात आणि नंतर ते स्वतःला दोष देत बसतात. त्यानंतर वैद्यकाने फारशी घाई केली नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचा जो निदानग्रंथ असतो, त्याच्या 1994 च्या चौथ्या आवृत्तीत हा विकार परिशिष्टात बसला, अजून अभ्यास व्हायला हवा अशांच्या रांगेत. हक्काचं पान मिळालं ते 2013 साली, पाचव्या आवृत्तीत. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची अकरावी वर्गवारी 2022 पासून लागू झाली, तिच्यातही तो आहे. म्हणजे मी ज्या काळात डब्यांची झाकणं सोडवत होते त्यातला बराच काळ हा आजार ग्रंथाच्या शेवटच्या पानांवर ताटकळत होता.

निदान करताना बघतात ते असं. थोड्या वेळात, समजा दोनेक तासांत, दुसरं कोणी तशाच परिस्थितीत खाईल त्याहून उघडपणे खूप जास्त खाणं, आणि त्या वेळी आपल्याला थांबता येत नाही ही जाणीव. मला विचाराल तर सगळा आजार या दुसऱ्या अटीत आहे. बकासुर आणि भीम इथेच वेगळे होतात. मग नेहमीपेक्षा भराभर खाणं, पोट तट्ट होईस्तोवर खाणं, भूक नसताना खाणं, लाजेने एकट्याने खाणं, मागाहून स्वतःची शिसारी येणं, यांतल्या निदान तीन गोष्टींना होय म्हणावं लागतं. हे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने चाललेलं असलं पाहिजे आणि त्याचा माणसाला खरोखर त्रास होत असला पाहिजे. खाल्लेलं ओकून काढणं, जुलाबाची औषधं घेणं असं वरचेवर होत असेल तर तो बुलिमिया, याचा सख्खा शेजारी.

या यादीत वजन कुठेही नाही. हे कळल्यावर मी बराच वेळ त्या यादीकडे बघत राहिले होते. आपण मात्र निदान करतो ते काट्यावरून. जाड माणूस दिसला की हा चोरून खात असणार, आणि सडपातळ दिसला की याचं सगळं आलबेल. प्रत्यक्षात कित्येक जाड माणसांना हा विकार नसतो आणि तो असलेली कित्येक माणसं चारचौघांसारखीच दिसतात. बायकांचा म्हणूनही तो सोडून देण्यात अर्थ नाही. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधी ना कधी हा विकार झालेल्या स्त्रिया साडेतीन टक्के निघाल्या आणि पुरुष दोन टक्के. इतर खाण्याच्या विकारांत पुरुष इतक्या संख्येने दिसत नाहीत. अनलिमिटेड थाळीवर मित्रांत नाव कमावलेला एखादा मुलगा रूमवर परत आल्यावर, सगळे झोपल्यावर, पुन्हा पार्सल मागवतो आणि डिलिव्हरीवाल्याला खाली गेटपाशीच थांबायला सांगतो. त्याला तर आपल्याला आजार आहे असं वाटण्याचीही सोय नाही. त्याचे मित्र त्याला भीम म्हणत असतात.

माझी दुपार कशी जायची ते सांगायला हवं, कारण रात्र तिच्या पोटी जन्माला यायची. सकाळी उठल्या उठल्या रात्रीचं आठवायचं आणि ठरायचं, आज काही खायचं नाही. बिनसाखरेचा चहा. डबा अर्धा परत. कुणी पेढे आणले तर "माझा गुरुवार आहे" म्हणायचं. गुरुवार नसला तर संकष्टी असायची, संकष्टी नसली तर प्रदोष. नवरात्रात घट बसले की माझ्या संयमाला धार चढायची. आपल्या पंचांगात न खाण्याला इतकी प्रतिष्ठित निमित्तं आहेत की कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. सासूबाईंच्या भजनी मंडळात माझं उदाहरण दिलं जायचं. नोकरी सांभाळून एवढं करते बाई! फ्रीजवर आहारतज्ज्ञांचा बाराशे कॅलरींचा तक्ता. त्या सुमारास महाराष्ट्रभर एकच वाद चालला होता, दिवसातून दोनदाच जेवायचं का दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पंचावन्न मिनिटांत उरकायची दोन जेवणं की ऋजुता दिवेकरांचे दोन तास, यावर लग्नाच्या हॉलमध्ये, जेवणाच्या रांगेत उभं राहून माणसं हातघाईवर यायची. मी दोन्ही करून पाहिलं. दोन्हींकडून मी एकच घेतलं, काय खायचं नाही ते.

वजन बघून प्रत्येक डॉक्टर सांगायचे, "ताई, तोंडावर ताबा ठेवा." ठेवत होते की हो! सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत दुसरं करत काय होते मी?

हे नुसतं माझं रडगाणं नाही हे मला मिनेसोटाच्या प्रयोगाने दाखवून दिलं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात माणसं उपाशी मरत होती आणि उपासमारीतून बाहेर काढलेल्या माणसाला पुन्हा कसं खाऊ घालायचं याची पक्की माहिती कुणाकडे नव्हती. ॲन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने 1944 च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठात प्रयोग मांडला. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले 36 तरुण त्यासाठी स्वखुशीने पुढे आले. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत त्यांना ठेवलं. आधी तीन महिने पोटभर जेवण, मग चोवीस आठवडे त्याच्या निम्म्यावर. दिवसाला सुमारे 1,570 कॅलरी, दोन वेळांत, बटाटे, कंद, ब्रेड, मॅकरोनी असं युद्धकाळातल्या युरोपाच्या ताटात मिळेल ते. आठवड्याला 22 मैल चालायचं. अंगावरचं पाव वजन उतरवायचं.

तब्येतीने आणि मनाने ठणठणीत म्हणून पारखून घेतलेली ही पोरं. तत्त्वासाठी लोकांची बोलणी खाल्लेली, म्हणजे संयमाची कमतरता नसलेली. काही आठवड्यांत ती पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागली. ज्यांनी कधी चूल पेटवली नव्हती ते रेसिपी उतरवून काढत बसले. ताटल्या चाटूनपुसून लख्ख व्हायच्या. जेवण तास-दोन तास पुरवायचं, अन्नात पाणी घालून वाढवायचं असे प्रकार सुरू झाले. काहींना बाहेर चोरून खाल्ल्याशिवाय राहवेना, आणि त्यानंतरची त्यांची अपराधी तडफड संशोधकांनी टिपून ठेवली आहे. पण मी पुन्हा पुन्हा वाचते तो भाग याच्या पुढचा आहे. उपासमार संपली, ताटं भरली, तरी काहींची भूक भागेना. पोट तुडुंब असताना ते म्हणायचे, अजून भूक आहे. काही खाऊन खाऊन आजारी पडले. वजन मूळपदावर आल्यानंतरही काहींचं खाणं ठिकाणावर यायला कितीतरी महिने लागले. कीज आणि सहकाऱ्यांनी 1950 मध्ये हे सगळं दोन जाडजूड खंडांत छापलं.

1,570 कॅलरींना त्यांनी उपासमार म्हटलं होतं, पुरुषांची असली तरी. माझ्या फ्रीजवरचा तक्ता त्याच्याही खालचा होता, आणि त्याच्या वर लाल अक्षरांत छापलं होतं, निरोगी जीवनशैली.

शरीराला आपले संकल्प कळत नाहीत. त्याला दुष्काळ कळतो. दिवसभर दाणा पडला नाही की ते अन्नाचा ध्यास घेतं, आणि झोका जितका मागे खेचावा तितका तो सुटल्यावर पुढे जातो. याच्या जोडीला मनाचा एक हिशेब असतो. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा आहे. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग चव घेऊन बघण्याच्या मिषाने आइसक्रीम पुढे ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर आइसक्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं. डाएट करणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं.

आपल्याला यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. मुलांचे डबे भरताना सवयीने पोळीचा तुकडा तोंडात जातो आणि मग आठवतं, अगंबाई, आज चतुर्थी! मोडला उपवास. आणि मोडलाच आहे तर मग... या 'तर मग'मध्ये माझ्या कित्येक रात्री गेल्या. एक बिस्किट ही चूक, पुडा संपवणं ही त्या चुकीची तार्किक परिणती, आणि उद्यापासून कडकडीत, म्हणून आज शेवटचं. उद्याचा संयम जितका कडक ठरवावा तितकी आजची रात्र मोठी होत जाते.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. कित्येकांना हा विकार डाएटच्या आधीच जडलेला असतो. तो घराण्यांत चालतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. नैराश्य आणि चिंता त्याच्या हातात हात घालून येतात. लहानपणी शरीरावरून झालेली चेष्टा, झालेले अत्याचार, यांचाही माग लागतो. आमच्या घरी भावाच्या पानात तिसरी पोळी पडताना आत्याची नजर माझ्या पानावर असायची, आणि ताटावरची ती नजर मी सासरीही घेऊन आले. इथे माझ्या पानावर कोणाची नजर नव्हती, कारण मला पानच नव्हतं. सगळ्यांची जेवणं झाली की कढईत राहिलेलं, पोरांनी टाकलेलं, उद्या खराब होईल असं वाटणारं, ओट्यापाशी उभ्या उभ्या संपवायचं. ज्या बाईने उभ्या आयुष्यात स्वतःसाठी ताट वाढून घेतलं नाही तिचं कुठलं खाणं जेवण होतं आणि कुठलं आवराआवर, हे तिला तरी कुठे सांगता येतं!

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. झोप लागत नाही ही तक्रार घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील त्या डॉक्टरबाई. मी झोपेबद्दल बोलत होते. त्यांनी मधेच विचारलं,

"काल दुपारी काय जेवलात?"

"काही नाही."

"परवा?"

"काकडी. आणि ताक."

"मग रात्री दुसरं काय होणार होतं, काकू?"

मी कानकोंडी होऊन पदराशी चाळा करत बसले. मी रात्रीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांनी एकेक करून विचारलं आणि मी एकेक करून हो म्हणत गेले. 'एकट्याने खाता का' इथे आल्यावर रडू फुटलं. मला वाटलं, आता रात्रीचं स्वयंपाकघर बंद करायला सांगतील. किल्ली नवऱ्याकडे द्या म्हणतील. त्या म्हणाल्या, "रात्रीचं आपण नंतर बघू. उद्या दुपारी साडेबाराला जेवायचं. पोळी-भाजी, वरण-भात. बसून."

एवढं सांगायला सातशे रुपये घेतले, असं मी त्या दिवशी घरी येताना मनात म्हटलं.

पुढे कळलं की यामागे शास्त्र आहे. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या विकारांसाठी जी कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी बसवली तिचा पहिला मोठा टप्पाच वेळेवर खाणं हा आहे. तीन जेवणं, मधे दोन-तीन वेळा काहीतरी, आणि दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. आदल्या रात्री काहीही झालेलं असो. ऐकायला सोपं आहे. करायला जाल तर सगळ्यात अवघड तेच, कारण रात्री डबे पालथे घातल्यावर सकाळी पोह्यांची बशी हातात घेणं हा माणसाला निर्लज्जपणा वाटतो. उपाशी राहून प्रायश्चित्त घ्यायची सवय हाडीमाशी खिळलेली. त्या बशीतले पोहे मी कित्येकदा चावले आहेत, खाल्ले असं म्हणवत नाही.

सोबत एक वही. खाल्ल्यावर लगेच लिहायचं, रात्री आठवून नाही. माझ्या वहीतलं एक पान असं आहे. 'दु. 12.40, दोन पोळ्या, दोडक्याची भाजी, थोडा भात. ऑफिस, टेबलापाशी. ठीक. दु. 4.10, चहा, दोन खारी. कमलचा फोन, लग्नाचा विषय. रा. 8.30, भाकरी, पिठलं. सगळ्यांबरोबर बसून. रा. 11.45, भडंग पाऊण डबा, पोळी-साखर, बेसनलाडू चार. स्वयंपाकघर, उभ्याने. सुटलं.' 'सुटलं' हा शब्द मी 'ताबा सुटला' याच्यासाठी ठरवून घेतला होता. डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं ते लाडवांवर नाही, चार-दहाच्या फोनवर. त्यावर आम्ही तासभर बोललो. कमल माझी धाकटी जाऊ. तिच्याशी काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही, ती हे वाचेल.

औषधं असतात. नैराश्यावरची काही देतात, आणि अमेरिकेत लिसडेक्सॅम्फेटामिन या औषधाला 2015 मध्ये या विकारासाठी परवानगी मिळाली. ते मूळचं एकाग्रतेच्या विकारावरचं. दुसरीकडे स्वमदत गटांची वाट आहे. ओव्हरइटर्स ॲनॉनिमस ही चळवळ 1960 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली, दारू सोडणाऱ्यांच्या गटांच्या धर्तीवर, त्याच बारा पायऱ्या घेऊन. आपण खाण्यापुढे हतबल आहोत हे कबूल करायचं, झटका आणणारे पदार्थ वर्ज्य करायचे. तिथे गेल्यावर, आपल्यासारखीच माणसं बघून, कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडता आलं, याबद्दल मला आदरच आहे. पण वर्ज्य या शब्दाने माझं पुरेसं भलं आधीच करून ठेवलं होतं. दारू सोडणाऱ्याला गुत्त्याची गल्ली टाळता येते. मी साखर वर्ज्य केली तर साखरेचा डबा रात्री मोठा होतो. मला त्याच्याच शेजारी राहायचं आहे. म्हणून आता भडंग दुपारी चारला, वाटीत घेऊन, खुर्चीत बसून खाते. सगळ्यांसमोर. पहिल्या पहिल्यांदा घामच फुटायचा.

माझं वजन फारसं उतरलेलं नाही. या उपचाराने झटके कमी होतात, काट्यावर त्याचा परिणाम बेताचाच दिसतो. हे कोणी आधी सांगत नाही आणि मग माणसं उपचार सोडतात. माझ्या नणंदेला तर मला गुण आलाय हे अजून पटलेलं नाही. "आणि डॉक्टर तुला भात खायला सांगते?" महिन्यातून एखादी रात्र अजून सुटते. पूर्वी त्यानंतर आठवडा जायचा, आता सकाळी साडेआठला पोहे होतात. ज्यांच्या गावात असे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अशा नंबरवर फोन करताना पहिलं वाक्य काय बोलायचं सुचत नाही, हे मला माहीत आहे. 'मी रात्री खाते' एवढं पुरे होतं.

घरात सांगायची वेळ आली ती आषाढी एकादशीला. आमच्याकडे एकादशीला भाताचं शीत शिजत नाही. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, आणि त्यांची एकादशी ज्वरातही मोडलेली नाही. मी आदल्या रात्री ह्यांना म्हटलं, "तुम्ही सांगा आईंना." हे म्हणाले, "मी? तूच सांग बाई." शेवटी सकाळी देवपूजा झाल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. डबे, झाकणं, रात्री. डॉक्टरबाईंनी तूर्त सगळे उपवास बंद करायला सांगितलेत हेही सांगितलं. माळेचे मणी थांबले. मला वाटलं, आता भजनी मंडळातून नाव कटणार.

"भडंग तू खात होतीस होय?" त्या म्हणाल्या. "मी बंड्याला बोलायचे."

बंड्या म्हणजे ह्यांचा पुतण्या, शिकायला आमच्याकडे होता.

मग बराच वेळ काही नाही. माळ पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. "आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि लेकराला एकादशी नाही, असं आमच्या सासूबाई सांगायच्या. डॉक्टरीण आजार म्हणाली ना?"

"हो."

"मग कुकर लाव. वरण-भात कर. नुसता भात खाऊ नकोस, वर तूप घे."

साडेबाराला आम्ही दोघी समोरासमोर बसलो. त्यांच्या ताटात साबुदाण्याची खिचडी आणि माझ्या ताटात, त्या घरात एकादशीला शिजलेला भात. "माझ्या पानात बघू नकोस," त्या म्हणाल्या, आणि दोन घासांनंतर स्वतःच चमचाभर खिचडी माझ्या ताटात टाकली. जेवण झाल्यावर मी वही काढली. काय लिहितेस म्हणून त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं, दुपारी साडेबारा, वरण-भात, तूप, लिंबू, चमचाभर खिचडी, आईंबरोबर बसून.

"खिचडीत कूट कमी पडलंय," सासूबाई म्हणाल्या, "तेही लिही."